तळं असलेलं गाव हवं

आमच्या गोरेगावात खिशात दारूची बाटली घेऊन उजळ माथ्यानं फिरणारा एकच माणूस होता, आणि तो जन्मात दारूच्या थेंबाला शिवला नव्हता. रंगनाथभाऊ त्यांचं नाव. ते काळी-पिवळी जीप चालवायचे, गोरेगावहून सेनगाव आणि तिथून पुढं हिंगोली. सदऱ्याच्या वरच्या खिशात लोक पेन ठेवतात, कंगवा ठेवतात. यांच्या खिशात क्वार्टरची रिकामी बाटली. स्वच्छ धुतलेली, लेबल खरवडून काढलेली. ती उन्हात अशी चमकायची की नवखा माणूस जीपमध्ये चढता चढता खाली उतरायचा.

"लेबल काढलं तरी लोकं वळखतेत वैनी," ते मला तक्रारीच्या सुरात सांगायचे.

"मग सरबताची बाटली ठेवा की."

"तिचा आवाज बराबर येत न्हाई."

मी त्यांची शेजारीण. आमची एक भिंत सामायिक होती. घरी ब्लाउज शिवायचे, त्यामुळे दिवसभर दाराशी मशीन आणि डोळे रस्त्यावर. रंगनाथभाऊंची जितकी माहिती मला आहे तितकी त्यांच्या सख्ख्या भावालाही नसेल. तेव्हा बाटलीच्या आवाजाची काय भानगड आहे ते मीच सांगते, पण त्याआधी तळ्याबद्दल सांगायला हवं.

सेनगावच्या रस्त्याला, गाव संपल्यावर, एक पाझर तलाव आहे. त्याच्या काठच्या उथळ पाण्यात, चिखलात जी लांब पायांची पाखरं उभी असतात, ती म्हणजे रंगनाथभाऊंचं गणगोत. दुसऱ्या कुठल्या पाखरांकडं ते ढुंकून पाहायचे नाहीत. मोराचं नाव काढलं तर म्हणायचे, "मोर काय, कोनीबी पाहाते." पोपटाला तर ते पाखरांत धरायचेच नाहीत. पाय चिखलात पाहिजेत, ही त्यांची अट.

या पाखरांच्या त्यांनी दोन पाळ्या केल्या होत्या. दिवसपाळीत मातकट बगळ्यासारखी ढोकरी, तांबड्या काड्यांसारख्या पायांचे शेकाटे, वाकड्या चोचीचे शराटी. रातपाळीत रातबगळे, मोठ्या पिवळ्या डोळ्यांचे करवानक आणि अजून एक, ज्याच्याकडं मी येतेच. टिटवी दोन्ही पाळ्यांना ओरडते म्हणून तिला ते "डबल ड्युटी" म्हणायचे. रातबगळे दिवसभर काठावरच्या बाभळीत मान खांद्यात घालून झोपलेले असतात. दिवस बुडायच्या वेळेला पांढरे बगळे थव्याथव्यानं त्याच बाभळीवर झोपायला येतात आणि रातबगळे "वॉक वॉक" करत कामावर निघतात. याला रंगनाथभाऊ "चार्ज देनं" म्हणायचे. चार्ज द्यायच्या वेळेला आपण हजर नसलो तर तळ्याचा कारभार अडेल, अशी त्यांची पक्की समजूत होती.

आता जीप म्हणजे कोंबून भरलेली. मागं माणसं, मध्ये बायका-लेकरं, टपावर पोती, एखादी शेळी कुणाच्या तरी पायाशी. अशी भरलेली गाडी ते तळ्याशी थांबवायचे आणि इंजिन बंद करायचे. मागून ओरडा झाला की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "बराबर पाहा, मंग बोला."

एकदा हिंगोलीच्या कोर्टात तारीख असलेले दोघं भाऊ याच जीपमधून निघाले होते. तारीख एकमेकांविरुद्धचीच. एक पुढं बसला, एक मागं, बोलणं कित्येक वर्षांपासून बंद. तळ्याशी जीप थांबली, कारण एक ढोकरी मान लांब करून माशावर नेम धरून उभी होती. मीही गाडीत होते, हिंगोलीहून अस्तराचं कापड आणायचं होतं. ढोकरी हलेना. गाडीत सगळ्यांच्या माना तिकडं. थोरला भाऊ हळूच म्हणाला, "आता मारतंय." मागून धाकटा म्हणाला, "न्हाई, आनखी जवळ येऊ देतंय त्याला." मासा चोचीत आला तसे दोघंही "व्हय!" म्हणून एकदम ओरडले. मग दोघांनाही आठवलं की आपलं बोलणं बंद आहे. केस पुढं चालूच राहिली हो. पाखरू बिचारं त्याहून जास्त काय करणार.

तर बाटली. रातपाळीतलं ते राहिलेलं पाखरू म्हणजे रंगीत पाणलावा. कोंबडीच्या पिलाएवढं, लांब चोचीचं, गवतात बसलं की दिसतच नाही. यांच्यात सगळा कारभार उलटा. मादी रंगानं देखणी, गळा तांबूस, डोळ्याभोवती पांढरी कड. नर मातकट. संध्याकाळी पुकारा करते ती मादी. अंडी घालते आणि आपल्या वाटेनं निघून जाते. अंड्यांवर बसतो नर. पिलं बाहेर पडली की त्यांना चिखलातून हिंडवतो, पंखाखाली घेतो, तोही नर. मादीचा तो पुकारा रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर येतो तसा असतो, घुमणारा, ऊऽक ऊऽक. रंगनाथभाऊ बांधावर बसून बाटली फुंकायचे आणि काठच्या पाणकणसाच्या उंच गवतातून ती उत्तर द्यायची. उत्तर आलं की त्यांचा चेहरा असा फुलायचा की जणू मुंबईत मंत्र्यानंच फोन उचलला.

"असा बाप पाहिला का कुठं वैनी?" ते नराबद्दल विचारायचे.

"पाहिला की. भिंतीपलीकडंच राहतो."

यावर ते एकदम जीपच्या काचा पुसायला लागायचे.

मी काही तोंडदेखलं बोलत नव्हते. त्यांची वनिता नुकती चालायला लागली होती, आणि तिची आई तापानं गेली. माणसं दुसऱ्या लग्नाचं सांगायला आली, त्यांना यांनी तळ्यावर नेऊन पाखरं दाखवली आणि परत पाठवलं. पोरगी जीपच्या पुढच्या सीटवर वाढली. सेनगावला गाडी भरेपर्यंत ते तिच्या वेण्या घालायचे, इतक्या घट्ट की पोरीच्या भुवया कपाळात जायच्या. प्रवासी बायका म्हणायच्या, आणा इकडं, आम्ही घालतो. ते द्यायचे नाहीत. पुढं पुढं असा हात बसला की आमच्या गल्लीतल्या आया आपल्या पोरींना ओरडायच्या, "वनीच्या बापाकडून शिका जरा."

एकदाच ते हरले. वनिता शहाणी व्हायच्या वयात आली तेव्हाची गोष्ट. माझ्या दारात आले आणि माझ्याकडं पाठ करून उभे राहिले. समोरच्या लिंबाकडं पाहत म्हणाले, "वैनी, वनूला तुमी जरा सांगा. ते... बायामान्साचं. मला बराबर सांगता येनार न्हाई." आणि मी हो म्हणायच्या आत जीप सुरू करून गेले. त्या दिवशी रिकामीच घेऊन गेले, एकही प्रवासी न घेता. मला हसू आलं आणि मग बराच वेळ मशीनवर सुई ओवता आली नाही.

वनिता बारावी झाली. माझ्याकडं शिवण शिकली आणि माझ्यापेक्षा चांगले ब्लाउज शिवायला लागली. हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्याच्या आसपासचे ते दिवस. गावात चौकाचौकांत जिल्ह्याची चर्चा आणि आमच्या गल्लीत वनिताच्या स्थळांची.

पहिलं स्थळ कनेरगाव नाक्याकडचं. आमच्याकडं रीत अशी की मुलगी पाहायला यायच्या आधी मुलाकडचं कुणीतरी गुपचूप येऊन चौकशी करून जातं. पानटपरीवर विचारतात, शेजारी विचारतात. या मुलाचे मामा जास्त हुशार. ते म्हणाले, जीपवाल्याच्या घरची चौकशी जीपमध्येच बसून करू. सेनगावला साधे प्रवासी म्हणून बसले, ड्रायव्हरच्या शेजारीच. खिशातली बाटली त्यांना दिसली, पण रिकामी आहे म्हणून गप्प राहिले. नेमका श्रावण सरत आलेला, पाणलाव्यांचा हंगाम. तळ्याशी गाडी थांबली. रंगनाथभाऊ बाटली काढून अंधुक उजेडात बांधावर गेले आणि ती तोंडाला लावून बसले.

मामा तिथंच उतरले. चिखल तुडवत गावात आले आणि थेट माझ्या दारात उभे.

"इथं शेजारी जीपवाला राहाते, तो पिते काय वो?"

"एक थेंब नाही."

"आवो, म्या माझ्या डोळ्यानं पाहिलं! बाटली तोंडाला लावून बसला होता. आन वर ऊ ऊ करून रडत होता."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि पाणलाव्याची मादी कशी पुकारा करते ते समजावून सांगायला लागले. जितकं जास्त समजावलं तितकं मामा माझ्याकडंही वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. शेवटी मी बाटलीवर फुंकर कशी मारतात ते दाखवायला उठले, तेव्हा ते चप्पल हातात घेऊन निघाले. ते स्थळ तिथंच बुडालं.

मी रंगनाथभाऊंना चांगलं फैलावर घेतलं. पोरीचं लग्न होईपर्यंत तरी ती बाटली फेका म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "त्यानं बराबर पाहिलं न्हाई, त्याला मी काय करू?" आणि संध्याकाळी पुन्हा तळ्यावर.

दुसरं स्थळ तर सोन्यासारखं होतं. मुलगा सरकारी नोकरीत, स्वभावानं गरीब, घरात मोजकी माणसं. मुलगी पाहून गेले, पसंती कळवली, मोठी मंडळी बोलणी करायला आली. आतल्या खोलीत वनिता आणि मी पोह्यांच्या ताटल्या भरत होतो, कान बाहेर. देण्याघेण्याचा विषय निघायच्या आधीच रंगनाथभाऊंनी विचारलं, "तुमच्या गावात तळं हाये का?"

मुलाचे वडील गोंधळले. "बोअर हाये. पान्याची काहीच तकलीफ न्हाई."

"बोअर नको. तळं. न्हाईतर एखादा नाला, गाळाची जागा?"

"न्हाई बा. माळरानाचं गाव आमचं."

"पाखरं येतेत का पान्यातली?"

मुलाचे वडील भला माणूस. त्यांनी मनापासून विचार केला आणि म्हणाले, "कबुतरं हायेत शाळेवर."

रंगनाथभाऊंनी हात जोडले. "मंग जमनार न्हाई. माफ करा. पोहे खाऊन जा."

त्यानंतर गावात जे उठलं ते उठलं. पाखरांच्या नादात पोरीच्या नशिबावर पाय दिला म्हणाले. बाप येडा आहे म्हणाले. पानटपरीवर टवाळ पोरं जीप दिसली की बाटल्या फुंकायची. आणि खरी गोष्ट अशी की वनिताचं वय वाढत होतं, आणि एकदा नकार दिलेल्या घराकडं दुसरी माणसं यायला कचरतात. आमचे हे सहसा कुणाच्या भानगडीत पडत नाहीत, तेही म्हणाले, "त्याला कुणीतरी सांगा बुवा."

मी सांगायला गेले. "रंगनाथभाऊ, लग्न पोरीचं करायचंय का बगळ्यांचं?"

ते जीपखाली झोपून काहीतरी पिळत होते. तिथूनच म्हणाले, "तळं असलेलं गाव पाहिजे वैनी. बाकी काहीबी चालंल."

"पण काहून?"

जीपखालून नुसता नट पिळायच्या पान्याचा आवाज येत राहिला.

मग मी वनिताला गाठलं. ती मशीनवर होती. म्हटलं, तू तरी बापाला बोल. तिनं पायडल थांबवलं नाही. म्हणाली, "काकू, आबांनी आजवर माझ्यासाठी एक तरी गोष्ट वाकडी केली का? मंग आताच काहून करतील?" सुईखालची तिची शिवण सरळ चालली होती.

वर्ष गेलं. मग सिद्धेश्वरला मासळी भरायला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं तिसरं स्थळ आणलं. सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाचं एक लहानसं गाव. मुलाचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान, थोडी शेती. वडील नाहीत, आई गिरजाबाई, ज्यांच्या शब्दापुढं गावचा सरपंचही जात नाही अशी ख्याती. चौकशीला त्या स्वतःच आल्या, तोंड न लपवता, दिवसाढवळ्या. रंगनाथभाऊंच्या खिशाकडं बोट करून विचारलं, "हे काय हाये?" यांनी बाटली काढून फुंकून दाखवली. गिरजाबाई म्हणाल्या, "आमच्याकडं रोज सांजच्याला वरडते हे. म्या समजत होते भूत हाये."

रंगनाथभाऊंचा चेहरा मी विसरणार नाही. "म्हंजी तळं हाये?"

"कालव्याचं झिरपून झिरपून केवढं मोठं झालं हाये. आमच्या परसाला लागूनच. चिखल काही वाळत न्हाई."

"मला पसंत हाये," रंगनाथभाऊ म्हणाले.

"आवो, पोरगं तर पाहा आधी!" गिरजाबाई ओरडल्या.

पोरगं पाहायला आम्ही गेलो. पोरगं चांगलं होतं, माझ्या नजरेत भरलं, वनिताच्याही भरलं, म्हणून बरं. कारण बापाची नजर मुलावर दोन मिनिटंसुद्धा टिकली नाही. घर दाखवायला गिरजाबाईंनी दारं उघडली, तर हे परसातून बाहेर. काठावर उकिडवे बसून पाहत राहिले. मग काठापासून घरापर्यंत पावलं मोजत आले आणि तसेच मोजत परत गेले. गिरजाबाई मला म्हणाल्या, "तुमच्याकडं लेकीचं घर असंच पाहतेत का?" मी पदर तोंडाला लावला.

लग्न झालं. पाठवणीला सगळी गल्ली रडली. रंगनाथभाऊ रडले नाहीत. वऱ्हाडाच्या गाडीचं मागचं चाक हवेला कमी आहे म्हणून ते पंप घेऊन हवा भरत बसले. चाक चांगलं टणक झालं तरी भरत होते. शेवटी जावयानंच हळूच त्यांच्या हातातून पंप घेतला.

मग आमच्या तळ्यावर एक नवल घडलं. रंगनाथभाऊ दर रविवारी चार्ज द्यायच्या वेळेला हजर नसायचे. रविवारी जीप बंद ठेवून ते सिद्धेश्वरकडं जातात, तिकडं जास्त पाखरं आहेत, अशी बातमी लागली. गाव म्हणालं, आता या माणसाला पुरतं वेड लागलं.

एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेले. वनिताला द्यायला पापड केले होते आणि डोळे भरून पाहायचंही होतं तिला. हिंगोली, औंढा मागं टाकून आम्ही त्या गावाशी आलो. मला वाटलं गाडी दारात लागेल. यांनी ती घराच्या पलीकडं, तळ्याच्या काठाला लावली. मी म्हटलं, घरात नाही जायचं का?

"तुमी जा. मी पाखरं पाहायला आलो."

लेकीला लेकरू होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीही पिऊ नये, ही आमच्याकडची जुनी रीत. ती ते पाळत होते हे मला कळलं. मी घराकडं निघाले, तोच परसाचं दार उघडून वनिता बाहेर आली. हातात धुण्याची बादली. ती काठावरच्या दगडावर बसली, बापापासून चार हात अंतरावर. मी थांबले. दोघं पाण्याकडं तोंड करून बसले होते. ती धुणं घासत होती आणि बोलत होती. नवऱ्यानं शिवणाचं मशीन घेऊन दिलं म्हणाली. गावातल्या पोरी शिवण शिकायला येतात म्हणाली. सासूनं पहिल्याच महिन्यात दुकानाच्या किल्ल्या दिल्या म्हणाली. रंगनाथभाऊ "हं, हं" करत होते.

इतक्यात पाणकणसाच्या कडेनं पाणलाव्याचा नर निघाला. दिवसाउजेडी तो दिसणं दुर्मीळ, आणि मागं त्याची एवढाली पिलं, चिखलात पडत-धडपडत. मलाही दिसली. आयुष्यभर ज्यासाठी या माणसानं भरलेल्या गाड्या थांबवल्या, ते त्याच्या समोरून चाललं होतं. रंगनाथभाऊंचं तिकडं लक्षच नव्हतं. ते वनिताच्या हातांकडं पाहत होते, हात खरखरीत झालेत का, बांगड्या पुऱ्या आहेत का.

पाखरं निघून गेली. वनिता धुणं वाळत घालायला वळली, तेव्हा ते मला हळू आवाजात म्हणाले, "लेकीच्या घरी बापानं घडी घडी जाऊ नये वैनी. लोकं पोरीलाच बोलतेत. पन पाखरं पाहायला येनाऱ्या मान्साला कोन काय म्हनंल?"

सोन्यासारखं स्थळ या माणसानं हात जोडून परत पाठवलं होतं, गावानं दिलेलं वेडेपण मुकाट्यानं अंगावर घेतलं होतं, आणि वर्षभर जीपखाली झोपून मला उत्तर दिलं नव्हतं. हा माणूस माझा शेजारी आहे याचा मला त्या क्षणी जेवढा अभिमान वाटला, तेवढा माझ्या माहेराचाही कधी वाटला नसेल. मी तसं त्यांना सांगितलं. ते पलीकडच्या एका बाभळीकडं पाहायला लागले.

परसाचं दार पुन्हा वाजलं. गिरजाबाई हातात चहाचे कप घेऊन चिखलातून आमच्याकडं येत होत्या. माझ्या हातात एक दिला, दुसरा रंगनाथभाऊंच्या पुढं धरला. यांनी हात मागं घेतले. "न्हाई, रीत हाये आमची. लेकीच्या घरचं..."

"घर तकडं राहिलं," गिरजाबाई म्हणाल्या. "हे तळं हाये. तळ्यावर कोनीबी काहीबी पिते. घ्या."

रंगनाथभाऊंनी कप घेतला. त्यांनी बशी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी कप धरला. गिरजाबाई पदर खोचून परत निघाल्या. दारापाशी थांबल्या आणि मागं वळून म्हणाल्या, "आन व्याही, पुढल्या आइतवारी जरा लौकर येत जा. पोरगी सकाळपास्नं दारात उभी राहाते."